माझ्या नावाने विकलेलं तेल

मी आयुष्यात कुणाला तेलाची बाटली विकलेली नाही. हे आधी लिहून टाकते, कारण अजूनही मधूनच एखादा फोन येतो, "मावशी, ते तुमचं तेल आहे का हो शिल्लक?" नाही. कधी नव्हतंच.

माझं काम बाळंतिणीला आणि बाळाला मालीश करून न्हाऊ घालायचं. राहते जोगेश्वरीला आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जिथे पाळणा हलेल तिथे जाते. शिक्षण चौथी. मराठी वाचते, लिहिते. इंग्रजी आलं की फोन वाचून दाखवतो, आणि मी बोलते ते तोच लिहून घेतो. तेवढ्यावर माझं भागतं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटावर बसायचं, पाय लांब पसरायचे, दोन्ही पायांच्या मधल्या खोबणीत बाळ घ्यायचं. आधी पालथं, मग उताणं. जोर बोटांत ठेवायचा नाही, तळहातात ठेवायचा. बाळ रडतं तेव्हा घरातली माणसं आपल्याकडे कसायाकडे बघावं तशी बघतात. न्हाऊन गाढ झोपलं की त्याच माणसांना आपण देवी वाटतो. दोन्हीकडे लक्ष द्यायचं नाही. बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटाचा पट्टा हे वेगळं. शेक-शेगडी आता बंदच झाली. अंधेरीच्या एका टॉवरमध्ये मी ओव्याची धुरी दिली तर धुराची घंटा वाजली, अठरा मजले खाली उतरले आणि बाळंतीण गाऊनवर पार्किंगमध्ये उभी राहिली. तेव्हापासून मी धुरीचं नाव काढत नाही.

या धंद्यातला एक नियम आम्हा सगळ्या जणी पाळतो. तेल घरचं, हात आमचे. मालीशवाली स्वतःचं तेल कधी घेऊन जात नाही. खोबरेल वापरा, तिळाचं वापरा, डॉक्टर सांगतील ते वापरा, पण बाटली तुमच्या कपाटातून निघाली पाहिजे. उद्या बाळाच्या अंगावर एक पुरळ उठला तर आधी बोट बाईकडे जातं. तेल तुमचं असलं तर बोट निदान मध्ये थांबतं. शिवाय जी बाई तेल आणते ती मालीश करायला येत नाही, तेल खपवायला येते, हे जुन्या सासवांना पक्कं माहीत असतं. अशा बाईला दुसऱ्या दिवशी दार उघडत नाहीत.

आता ईमेलचं. मला ईमेल कशाला, असं माझ्या बहिणीपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांनी विचारलं. तर हल्ली मुली परदेशात असतात, बाळंतपणाला माहेरी येतात आणि पाचव्या महिन्यातच बाई ठरवतात. त्यांच्या दुपारी माझी झोप असते. फोनपेक्षा पत्र बरं. हा पत्ता मला ऋतुजाने करून दिला. ऋतुजा घाटकोपरची, तिला तिसऱ्या दिवसापासून मी न्हाऊ घातलंय. आज ती अंधेरीच्या एका ऑफिसात मोठमोठ्या कंपन्यांच्या ईमेलची व्यवस्था बघते, हाताखाली माणसं आहेत. पण तिच्या पाठीवरचा तीळ मला ठाऊक असल्याने माझ्यासमोर ती फार शहाणपणा करत नाही. तिने माझ्या नावाचीच पाटी विकत घेतली. म्हणजे फुकटच्या पत्त्यासारखं शेवटी कंपनीचं नाव नाही, माझंच नाव. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं. कार्डं छापली.

त्याच सुमारास शिल्पा मॅडम आल्या. अंधेरीला गरोदर बायकांचे वर्ग घेतात. श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात, जो त्या बायका जन्मापासून घेतच असतात. त्यांच्याकडून मला बरीच घरं मिळाली होती. त्या म्हणाल्या, "लीलामावशी, तुमच्या नावाने आम्ही दर महिन्याला मेल पाठवतो. आजीचा बटवा टाइप. तुम्हाला काही करायचं नाही." फोटोसाठी मला नऊवारी नेसवली, नथ घातली आणि हातात एक बाहुली दिली. म्हटलं, "नथ घालून मालीश करत नाहीत, बाळाच्या डोळ्यात जाईल." तर म्हणाल्या, "मावशी, लोकांना ऑथेंटिक आवडतं."

ऋतुजा तेव्हाच म्हणाली होती, "मावशी, त्यांना तुमच्या पत्त्यावरून पाठवू देऊ नका. त्यांना म्हणावं, स्वतःच्या नावाने पाठवा."

"असू दे गं, त्यांनी मला घरं दिलीत."

"मग त्यांची मेल कुठल्या मशीनवरून जाते ते त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याशिवाय मला तुमच्या पत्त्याला कुलूप लावता येणार नाही. लावलं तर त्यांची मेलही अडेल."

शिल्पा मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघते हं." त्या कित्येक महिने बघत होत्या. मी पुन्हा विचारलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती माझ्याकडे राहायलाच आली होती. मग दिवाळीला मॅडमनी माझ्या नावाने शुभेच्छा पाठवल्या आणि ज्यांना पाठवल्या त्या झाडून सगळ्यांचे पत्ते वरती उघडे ठेवले. शेकडो बायकांना एकमेकींचे पत्ते मिळाले. त्यातल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला कीड असणार. ती यादी कुठल्या कुठे गेली.

एका सोमवारी सकाळी मी मुलुंडला एका जुळ्यांना न्हाऊ घालत होते. पिशवीत फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. आधी वाटलं बहीण. हात पुसून बघितलं तर पत्रं. "आपलं पत्र पोचलं नाही." "असा माणूस इथे राहत नाही." "पेटी भरलेली आहे." शंभर, दोनशे, मोजणं सोडून दिलं. मी एकही पत्र पाठवलेलं नव्हतं.

दुपारी एक पत्र फोनकडून वाचून घेतलं. माझं नाव, माझा पत्ता, नथीतला माझा फोटो. प्रिय नव्या आई, असं सुरू. म्हणे मी पिढ्यान्‌पिढ्यांचं गुप्त तेल आता सगळ्यांसाठी खुलं करत आहे. त्याने बाळ गोरं होतं, गुबगुबीत होतं, शहाणं होतं. बाळंतीण पंधरा दिवसांत बारीक होते. खाली बारीक अक्षरांत, बाळाच्या बाबांच्या टकलावरही चालतं. एकाच बाटलीत एक जण जाड होणार, दुसरी बारीक होणार आणि तिसऱ्याला केस येणार. तेलाला कुणाला काय करायचं ते कसं कळणार, हे लिहिलं नव्हतं.

मग मी चूक केली. आमच्या धंद्यात कुणी तक्रार केली की गप्प बसायचं नसतं. दारात जाऊन बोलायचं असतं. म्हणून शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला मी उत्तर दिलं. फोनला सांगायचे, "माफ करा, त्रास झाला." तो लिहायचा, मी पाठवायचे. संध्याकाळपर्यंत बोलून घसा बसला. आणि माफी मागितली म्हणजे तेल माझंच, अशी उरलेल्यांची खात्री पटली.

माणसं मात्र एकेक भेटली. एकाने मला तीन भाषांत शिव्या दिल्या आणि खाली विचारलं, "फेब्रुवारीत मोकळ्या आहात का? सुनेचा सातवा चालू आहे." एका निवृत्त गृहस्थांनी टकलाचा फोटो पाठवला, पुढून आणि मागून. एक बाई म्हणाल्या, मला माहीत आहे हे खोटं आहे, पण खरं असेल तर दोन पाठवा. कणकवलीहून बहिणीचा फोन आला तो तर भांडायलाच.

"गे लीले, तू तेल इकतंस आणि माका सांगूक नाय?"

"मी नाही विकत गं."

"सगळ्या मुंबयक देतंस, आणि भैनीचे ढोपर दुखतत ते दिसनत नाय तुका."

शेवटपर्यंत तिला पटलं नाही. अजून अबोला आहे.

सल्ले देणारे तर रांगेतच होते. सगळ्यांचा सल्ला एकच, पासवर्ड बदला. चाळीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, भाच्याने सांगितलं, रिक्षावाल्याने सांगितलं. मी बदलत गेले. शेवटी मलाच माझ्या पेटीत जाता येईना, आणि पत्रं माझ्या नावाने जातच होती. चौकीत गेले. हवालदार भला माणूस होता. त्याने कागद घेतला.

"मावशी, पासवर्ड कुणाला दिला?"

"कुणाला नाही."

"मग अकाउंटमध्ये शिरला कसा?"

"तेच मला कळत नाही."

"पैसे गेले?"

"नाही."

"मग गेलं काय?"

"नाव."

त्याने कागदावर पेन खाली-वर फिरवलं. मग म्हणाला, "ते कुठल्या रकान्यात लिहू?" शेवटी 'इतर'मध्ये लिहिलं. उठताना हळूच विचारलं, "ते कमरेला चालतं का हो?"

इथपर्यंत मी चिडले होते, घाबरले नव्हते. घाबरले ते पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी.

बोरिवलीच्या प्राजक्ताचा फोन आला. तिला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधी. एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन भरलं की मी सांगेन तेव्हाच मालीश. अशा बाळाला सहसा कुठली बाई हात लावायला धजत नाही. प्राजक्ताने पाचव्या महिन्यापासून मलाच धरून ठेवलं होतं. म्हणायची, "तुम्ही येणार आहात म्हणून मला झोप लागते." फोनवर मात्र आवाज वेगळा होता.

"मावशी, तुम्ही येऊ नका."

"का गं?"

"आईंनी तुमचं तेल मागवलं होतं. काल थोडं लावलं. पोरीची पाठ लाल झालीय. आई म्हणतात, लीलाबाईंना पोलिसांत देते."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. फोन ठेवला आणि मी तशीच निघाले. येऊ नका म्हटल्यावर जायचं नसतं, हेही मला कळतं. पण एवढ्याशा पोरीच्या पाठीवर माझ्या नावाचं काहीतरी चोळलेलं होतं.

दार सासूबाईंनीच उघडलं, अर्धं.

"तोंड दाखवायला आलात?"

"पोरीची पाठ बघायला आले. डॉक्टरकडे नेलं?"

"सकाळी नेलं. मलम दिलंय. सगळं तेल बंद सांगितलंय."

"बरं केलंत. बाटली आणा."

त्यांनी आणली. बाटलीवर माझी नथ. झाकण उघडलं तर अगरबत्तीच्या दुकानासारखा वास. मी म्हटलं, "ताई, तुमच्या थोरल्या सुनेच्या वेळी मी सव्वा महिना येत होते. एक दिवस तरी माझ्या पिशवीतून तेल निघालं?"

प्राजक्ता आतून बाळाला खांद्यावर घेऊन आली. रडून डोळे सुजले होते. "पण मावशी, नाव तुमचं होतं. पत्ताही तोच, ज्यावरून तुम्ही मला पाचव्या महिन्यात उत्तर दिलं होतं. मी तपासला. एकेक अक्षर तपासलं."

"आणि हात?" मी म्हटलं. "ते हात माझे होते?"

पण प्राजक्ताने बरोबर तपासलं होतं. पत्ता माझाच होता. मग खोटं होतं ते काय, हे मला तिला सांगता येईना. सासूबाई म्हणाल्या, "हे बघा, असं कुणीही कुणाचं नाव घेऊन येत नसतं. आग असल्याशिवाय धूर निघत नाही." आणि दार लावून घेतलं.

तिथून मी थेट ऋतुजाच्या ऑफिसात गेले. इतके दिवस तिला कशाला त्रास, म्हणून गेले नव्हते. खालच्या वॉचमनने वही पुढे केली. नाव लिहा, कुणाकडे जायचं लिहा. मी लिहिलं, त्याने न बघता आत सोडलं. ऋतुजाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आत्ता खाली वहीत काय लिहिलंत?"

"माझं नाव."

"दुसऱ्या कुणाचं लिहिलं असतं तर?"

"तर काय, त्याने सोडलंच असतं. तो बघतोय कुठे."

"ईमेल म्हणजे तीच वही. पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो. त्याला तुमच्या घरात शिरावं लागत नाही, तुमची किल्ली लागत नाही. म्हणून पासवर्ड बदलून काही होत नाही."

मला लगेच कळलं. चाळीस वर्षं मी दोनशे इमारतींच्या वह्यांत नाव लिहीत आलेय. एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, लीला तूच कशावरून?

"मग यावर उपाय?"

"तीन गोष्टी. एक, तुमची पत्रं कुठल्या मशीनवरून निघतात त्याची यादी जाहीर लावायची. दोन, प्रत्येक पत्रावर तुमचा शिक्का, जो दुसऱ्याला मारता येत नाही. आणि तीन, जगातल्या सगळ्या वॉचमनना, म्हणजे पत्र घेणाऱ्या मशीनना, सूचना, यादीत नसेल आणि शिक्का नसेल तर आत सोडू नका."

"आणि आपलं काय आहे?"

"यादी आहे, शिक्का आहे. सूचनेत लिहिलंय, नसला तरी सोडा."

"असं कोण लिहितं?"

"मीच लिहिलंय. शिल्पा मॅडमची मेल अडू नये म्हणून. तुम्हीच म्हणालात, असू दे."

चोर बाहेरचा होता, पण दाराला कडी न लावणारी मी होते. तेही कशासाठी, तर एका बाईला नाही म्हणायचा संकोच वाटला म्हणून. जी बाई बाळाच्या बापाला खोलीबाहेर काढते, आजोबांना टीव्ही बंद करायला लावते, तिला अंधेरीच्या एका मॅडमला 'नाही' म्हणता आलं नाही.

ऋतुजाच्या समोरूनच शिल्पा मॅडमना फोन लावला.

"मॅडम, आजपासून माझ्या नावाने तुमचं पत्र जाणार नाही."

"अहो मावशी, पण हा आपला ब्रँड आहे."

"नाव आहे. आईबापांनी ठेवलंय."

"मग मी तुमच्याकडे पेशंट पाठवू शकणार नाही हं."

"त्या पेशंट नाहीत, बाळंतिणी आहेत. आणि नका पाठवू."

ऋतुजाने कुलूप लावलं. दोन बोटांचं काम होतं. म्हणाली, सगळे वॉचमन जागे नसतात, पण मोठ्या इमारतींचे असतात. आता रोज मला एक अहवाल येतो, काल तुमचं नाव सांगून कुणी कुणी शिरायला बघितलं आणि किती जणांना परत पाठवलं. मला तो वाचता येत नाही, ऋतुजा आठवड्याने सांगते. पहिले काही दिवस झुंबड होती. मग ओसरली. तेलवाल्यांनी आता नागपूरकडच्या कुणा निवृत्त डॉक्टरांचं नाव धरलंय, असं ती म्हणाली. मुलुंडच्या जुळ्यांच्या आजीने ते तेल मागवलंसुद्धा. म्हटलं, "अहो, बाटली तीच आहे." तर म्हणाल्या, "हो, पण हे डॉक्टर आहेत ना."

मग ऋतुजाने माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं, आमच्या जुन्या घरांना. चार ओळींचं. मी तेल विकत नाही, ते पत्र माझं नव्हतं, लावलं असेल तर बंद करा आणि बाळाला डॉक्टरला दाखवा. माफी मागितली नाही, ऋतुजाने खोडली. पण एक ओळ मी हट्टाने ठेवली, की पत्त्याला कुलूप नव्हतं ही चूक माझी. काहींनी उत्तर दिलं, बरीच घरं गप्प राहिली. ती अजून गप्प आहेत. त्यात दोन घरं अशी आहेत जिथली सगळी पोरं माझ्या पायांवर वाढली. त्यांचं मला वाईट वाटतं. पण जाऊन सांगायचं तरी काय, यादी आणि शिक्का?

प्राजक्ताला मी फोन केला नाही. करावासा वाटे, पण दार लावलेल्या घराची बेल किती वेळा वाजवायची? पोरीची पाठ बरी झाली असेल का, एवढंच येता-जाता डोक्यात यायचं. दुसरी बाई लावली असेल तर तिचा हात हलका असावा, असंही वाटायचं. हे मी दुसऱ्या बाईबद्दल सहसा म्हणत नाही.

तीन आठवड्यांनी फोन आला. प्राजक्ताच.

"मावशी, डॉक्टर म्हणाले, आता सुरू करा."

"बाई मिळाली नाही का दुसरी?"

"दोघी आल्या होत्या. दोघींनी स्वतःचं तेल आणलं होतं. आईंनी दारातूनच घालवल्या."

"मग आता आई काय म्हणतात?"

"त्याच म्हणाल्या, फोन कर."

गेले. दार पुन्हा सासूबाईंनीच उघडलं, पुन्हा अर्धंच. म्हणाल्या, "लीलाबाई, राग मानू नका. ओळखपत्र दाखवा."

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं. मला राग यायला हवा होता. मी पदराला हात पुसले, पिशवीतून कार्ड काढलं, दिलं. त्यांनी चष्मा लावला, फोटो बघितला, मला बघितलं.

"फोटो तुमच्यासारखा वाटत नाही."

"तो कुणाचाच कुणासारखा वाटत नाही, ताई."

कार्ड हातात धरूनच त्यांनी मला आत घेतलं. मी हात धुतले, पाट ओढला, पाय पसरले. प्राजक्ताने खोबरेलाची वाटी ठेवली आणि पोरीला माझ्या पायांवर दिलं. देताना तिचे हात सोडेनात. मी ओढलं नाही. थांबले. मग तिने सोडलं. पाठ स्वच्छ होती. मी तळहातावर तेल चोळून गरम केलं आणि मानेपासून खाली एकदाच हात फिरवला.

पोरगी माझ्या पातळावर भळभळ मुतली.

प्राजक्ता हसायला लागली आणि हसता हसता रडली. सासूबाई काही हसल्या नाहीत. त्यांनी वाकून कार्ड माझ्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "पाणी तापलंय."